शेठच्या खिशातला काशीचा ईमेल

काशी पारधी बोलायच्या आधी माणसाकडे एकदा बघते. पायांपासून सुरुवात करते, सावकाश वर येते, आणि डोक्यापाशी जराशी थांबते. तिथे काही असलंच तर त्याला बाहेर यायला वेळ मिळावा म्हणून. रंगमंचावर असं बघायला शिकण्यात चांगल्या चांगल्या नट्यांची उमेद संपते. पदर झटकतात, भुवई उडवतात, तरी ते बघणं काही येत नाही. काशीला ते सहाव्या वर्षी आलं.

किन्हवलीच्या गावठाणाबाहेर, ओढ्याच्या पलीकडे आदिवासी ठाकरांची वाडी आहे. तिथला कमळू पारधी हा तिचा बाप. दिवाळी झाली की कमळू बायकोपोरांना घेऊन वीटभट्टीवर जायचा आणि भाताच्या आवणीच्या वेळी परत येऊन गावातल्या जगदीशशेठच्या शेतात वाकायचा. एकदा आवणीच्या दिवसांत शेठच्या दारात पोरांना तहान लागली. शेठची म्हातारी आई तांब्या घेऊन पडवीच्या पायरीवर आली आणि हातभर उंचीवरून पाणी ओतू लागली. खाली पोरांनी ओंजळी धरल्या होत्या. काशीची ओंजळ शेवटची. तिने पाणी घेतलं नाही. हात खाली सोडले आणि म्हातारीकडे बघितलं. पायांपासून वरपर्यंत. म्हातारीचा तांब्या तसाच हवेत राहिला म्हणतात. त्यानंतर त्या दारात काशीला कधी तहान लागली नाही.

तिला पाहणारे म्हणतात, पोरगी तुसडी आहे. तसं नाही. कसाऱ्याकडच्या उपकेंद्रात ती कंत्राटी नर्स म्हणून सात वर्षं काम करते आहे. तिथल्या पाड्यांवरची बाळंतीण तिचा हात धरल्याशिवाय कळ काढत नाही. आजाऱ्यांशी, म्हाताऱ्यांशी, तान्ह्या पोरांशी ती कमालीची मऊ असते. तिची ती नजर फक्त मोठ्या माणसांसाठी राखून ठेवलेली असते, आणि मोठी माणसं शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत कमी नाहीत.

ही गोष्ट तिच्या ईमेलची.

सन दोन हजार चौदाच्या जूनमध्ये काशी मुरबाड तालुक्यातल्या आश्रमशाळेतून बारावी झाली. नर्सिंगचा अर्ज भरायला ती मुरबाडच्या एसटी स्टँडासमोरच्या मनोजच्या ऑनलाइन सेंटरात गेली. अर्जात ईमेलचा रकाना होता. मनोजने विचारलं, ईमेल आहे का? काशीने विचारलं, कसला असतो? मनोजने मागे लागलेल्या रांगेकडे बघितलं, एक उसासा टाकला आणि पाच मिनिटांत ईमेल काढून दिला. नाव काय ठेवू म्हणून विचारायला त्याला सवड नव्हती. गाव कुठलं, किन्हवली. साल कुठलं, दोन हजार चौदा. झालं ईमेलचं नाव, किन्हवली दोन हजार चौदा. ते त्याने एका चिठ्ठीवर लिहून दिलं, आणि पासवर्ड मात्र तिच्या कानात सांगितला.

काशीच्या नावावर तोवर काही नव्हतं. रेशनकार्ड बापाचं, झोपडीखालची जमीन वनखात्याची, दप्तर, ताट आणि गादी आश्रमशाळेची. कुलूप असलेली आणि किल्ली फक्त आपल्यापाशी असलेली ही पहिलीच वस्तू. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी ती आठवड्यातून एकदा कॉलेजच्या कॉम्प्युटरवर जाऊन ईमेल उघडायची. आत काही नसायचं. रिकामं घर झाडून यावं तशी ती बघून यायची.

मग त्या घरात कुणीतरी राहायला आलं.

पहिलं पत्र एका कपड्यांच्या दुकानाचं होतं. 'प्रिय शेठ, आमच्या परिवारात आपलं स्वागत.' काशीला वाटलं, चुकून आलं. पुढच्या महिन्यात रमी खेळायच्या एका साइटने शेठला शुभेच्छा दिल्या. मग मोबाइलच्या रिचार्जची पावती, सोफासेटची चौकशी, गॉगलची ऑर्डर. हा जो कोणी होता तो दिसेल तिथे खातं उघडत होता, आणि नावाच्या जागी नाव न लिहिता 'शेठ' एवढंच लिहीत होता. ज्याला स्वतःच्या नावापेक्षा शेठपणा जास्त सांगावासा वाटतो, त्याची काशीने तिथेच किंमत केली.

तिने काय केलं नाही? 'हे खातं माझं नाही' असं जिथे जिथे छापलेलं होतं तिथे दाबलं. दुकानांना पत्रं लिहिली. दुकानांनी उत्तरं दिली, 'प्रिय शेठ, आपल्या सुरक्षिततेसाठी ही माहिती आम्ही देऊ शकत नाही.' रमीचं खातं तिने एकदा स्वतःच बंद करून टाकलं. चार दिवसांत शेठने ते पुन्हा उघडलं आणि साइटने त्याचं पुन्हा नव्या उत्साहाने स्वागत केलं. शेवटी तिने नाद सोडला. शेठची पत्रं आली की वरची ओळ वाचायची, नाकातून हवा सोडायची आणि पुढे जायचं. आतलं पत्र ती उघडत नसे. चोराचं असलं तरी पत्र दुसऱ्याचं, अशी तिची एक रीत होती. पण वरच्या ओळींवरूनही माणूस कळतोच. उपकेंद्रातल्या मदतनीस वर्षाताई दुपारी डबा खाताना विचारायच्या, "काय म्हणतात गो तुझे शेठ?"

"जिम लावलीय."

"बरं झालं."

"मंगळवारी लावली. गुरुवारी विचारतायत, आपण का आला नाहीत."

अशी दहा-अकरा वर्षं गेली. शेठ हा त्या दोघींच्या जेवणातलं तोंडी लावणं होऊन बसला. आणि यंदा आरोग्यसेविकांच्या कायम पदांची भरती निघाली.

सात वर्षं काशी ज्या कागदाची वाट पाहत होती तो हा कागद. कंत्राटी बाईला दर अकरा महिन्यांनी एक दिवस घरी बसवतात आणि पुन्हा नवी नेमणूक देतात. त्या एका दिवसात ती कुणीच नसते. काशीचे असे सात दिवस झाले होते. यंदा जागा निघाल्या, पुढे कधी निघतील ते कुणी सांगत नव्हतं. तिने भरतीचं संकेतस्थळ उघडलं आणि आपला नर्सिंगचा नोंदणी क्रमांक घातला. नोंदणीतला ईमेल आपोआप रकान्यात येऊन बसला. किन्हवली दोन हजार चौदा. खाली लाल अक्षरं उमटली, 'या ईमेलवर आधीच खातं उघडलेलं आहे.'

तिने परत क्रमांक घातला. परत लाल अक्षरं.

मदतीच्या नंबरावरची बाई फार गोड बोलली. नोंदणीतला ईमेल बदलायचा तर मुंबईला अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि एक महिना. इथली मुदत संपायला उरले होते दोन दिवस. दुसरा मार्ग म्हणजे आधीचं खातं बंद करणं. त्याला दोन कोड लागतात, एक ईमेलवर येतो, एक त्या खात्याला जोडलेल्या मोबाइलवर. दोन्ही दहा मिनिटांच्या आत घालायचे.

"मोबाइल माझा नाही," काशी म्हणाली.

"मग ज्यांचा आहे त्यांना विचारा ना मॅडम."

"त्यांचा नंबर सांगा."

"तो नाही सांगता येणार. शेवटचे चार आकडे तुम्हाला स्क्रीनवर दिसतील."

दिसले. चार साते.

काशीने फोन खाली ठेवला आणि वर्षाताईंकडे बघितलं. किन्हवली नाक्यावर दरवर्षी वाढदिवसाचा एक फ्लेक्स लागतो. पांढरी टोपी, हातात मोबाइल, गळ्यात सोन्याची साखळी, आणि खाली खांबभर आकारात नंबर. लोकांना पाठ व्हावा म्हणून त्या माणसाने चार साते असलेला नंबर मुद्दाम मिळवला होता. सात वर्षं जेवताना दोघी ज्याला हसत होत्या ते हे पात्र. जगदीशशेठ.

त्या दिवशी तिने आपली रीत मोडली. कसाऱ्याहून शहापूर आणि शहापूरहून मुरबाड असा एसटीचा लांबचा प्रवास होता. तेवढ्या वेळात तिने शेठची अकरा वर्षांची पत्रं उघडून वाचली. मुरबाडला उतरली तेव्हा त्या माणसाबद्दल त्याच्या बायकोपेक्षा तिला जास्त माहिती होती, आणि त्यातली एक गोष्ट अशी होती की ती वाचून ती खिडकीबाहेर बघत बसली.

मनोजचं सेंटर आता काचेचं झालं होतं. तो तिला ओळखून उठला.

"काशीताई, बोला."

"दोन हजार चौदाला माझा ईमेल काढलास. तो दुसऱ्या कुणाला दिलास?"

मनोज आधी हसला, मग त्याला ती नजर लागली. टेबलावरचा स्टेपलर त्याने सरळ करून ठेवला.

"दिला असा नाय. जगदीशशेठ आले होते, त्याच आठवड्यात. गॅसचा फॉर्म होता. त्यांना ईमेल नव्हता आणि रांग तर अशी. तुमचा समोरच होता. म्हटलं, हे बी किन्हवलीचे, ते बी किन्हवलीचे."

"म्हणजे चालेल."

"तेव्हा कोण बघायचं ताई? रकाना भरला की झालं."

"मग? चिठ्ठी लिहून दिलीस त्यांना?"

"दिली. त्यांनी ती लॅमिनेट करून मागितली." मनोजने खाली बघितलं. "आधारकार्डासारखी. म्हणाले, पाण्यात भिजायला नको."

काशीला वाटलं आपण हसू, पण हसू आलं नाही. मुरबाड-शहापूरच्या माणसाचा लॅमिनेशनवर देवावर असावा तसा विश्वास. दाखला असो, सातबारा असो, पोराचं प्रगतिपुस्तक असो, एकदा प्लॅस्टिकच्या आत गेलं की ते आपलं. शेठने ईमेल प्लॅस्टिकमध्ये घातला आणि तो त्याचा झाला. अकरा वर्षं तो ते कार्ड खिशात घालून फिरत होता आणि ज्याने ज्याने विचारलं त्याला काढून दाखवत होता.

"चल माझ्याबरोबर उद्या. त्यांच्यासमोर सांग," ती म्हणाली.

"मला नका ना मध्ये घेऊ. त्यांचे सगळे फॉर्म माझ्याकडं असतात."

काशीने त्याच्याकडे आणखी एकदा बघितलं आणि पायऱ्या उतरली.

कमळूला तिने रात्रीच्या जेवणाआधी सांगितलं. म्हातारा चुलीजवळ बसून विळ्याची मूठ बसवत होता. त्याने सगळं ऐकलं आणि सरळ विचारलं, "नवा काढाया किती टाइम लागतो?"

"पाच मिनिटं."

"मग काढ ना गो नवा. त्यांना राहू दे तो."

"नोंदणीत हाच हाय, बा. आणि नसता तरी का काढू? माझा हाय."

"माझं म्हणून काय काय सोडलं आपण," कमळू म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. हवामान सांगावं तसं तो म्हणाला. मग जरा वेळाने, "त्यांच्या दारात वर चढू नको. खालूनच बोल."

रविवारी सकाळी काशी गेली. सोमवारी मुदत संपत होती. शेठच्या पडवीत रविवारची बैठक भरली होती. झोपाळ्यावर शेठ, डोक्याला पांढरी टोपी. ही टोपी शेठ झोपतानाच काढतो असं गाव म्हणतं. खुर्चीवर त्याचा धाकटा भाऊ अनिल, उपसरपंच, तोंडात पान. भिंतीला टेकून मुलगा सुयोग, सत्तावीस वर्षांचा, मोबाइलात. शेठची बायको प्रमिलावहिनी दारात तांदूळ निवडत. आणखी दोघे-तिघे असेच, शेठ हसला की हसायला आलेले.

"कोन? कमळ्याची काशी काय? ये. उभी का? बोल," शेठ म्हणाला.

काशी पायऱ्या चढून वर आली आणि रिकाम्या खुर्चीत बसली. अनिलचं पान एका गालातून दुसऱ्या गालात गेलं.

तिने सांगितलं. ईमेल माझा, मनोजने तुम्हाला चुकून दिला, भरतीच्या साइटवर त्याच्यावर तुमचं खातं आहे, माझा अर्ज अडलाय. ते खातं बंद करायला तुमच्या मोबाइलवर कोड येईल, तो द्या. दहा मिनिटांचं काम.

शेठने झोपाळा थांबवला. खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून कार्ड. कडा पिवळ्या पडल्या होत्या, पण आत अक्षरं शाबूत होती. त्याने ते सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं.

"हा काय लिवलाय? वाच."

"किन्हवली दोन हजार चौदा."

"किन्हवली. आता सांग, किन्हवली म्हंजे कोन? गाव का वाडी?"

बैठक हसली.

"गाव असंल ना," काशी म्हणाली. "मग उघडा तो."

"काय उघडा?"

"ईमेल. तुमचा हाय तर उघडून दाखवा."

शेठने अनिलकडे बघितलं, अनिलने सुयोगकडे. सुयोगने मोबाइलातून डोकं वर काढलं नाही.

"ईमेल उघडायचा कशाला?" शेठ म्हणाला. "ईमेल द्यायचा असतो."

एखाद्या मोठ्या नटाचं भर नाटकात धोतर सुटावं आणि ते त्याच्या एकट्याच्याच ध्यानात येऊ नये, तसा तो क्षण होता. ज्यांना कळलं त्यांनी माना खाली घातल्या. ज्यांना कळलं नाही ते शेठबरोबर माना डोलवत राहिले. अकरा वर्षं या माणसाने एका घराचा पत्ता जगभर वाटला होता, आणि त्या घराला आत जायला दार असतं हे त्याच्या गावीच नव्हतं.

"आणि सुयोगचा फॉर्म हाय त्या खात्यात," शेठने पुढचं सांगितलं. "क्लार्कचा. तो बंद करून तुझा भरू? पोराची नोकरी घालवू?"

"मुदत उद्यापर्यंत हाय. दुसऱ्या ईमेलवर भरा."

"पप्पा," सुयोग म्हणाला, "तो फॉर्म भरलाच नाय मी. फोटो अपलोड नव्हता होत."

"कधी?"

"पयल्या दिवशी."

तांदूळ निवडणाऱ्या वहिनींचा हात थांबला. शेठने पोराकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर विरघळला असता. सुयोग पुन्हा मोबाइलात गेला.

आता अडायला काहीच कारण उरलं नव्हतं, आणि म्हणूनच शेठ अडला. कारण असतं तर माणूस कारणासाठी मागे हटतो. नुसती पत असली की हटता येत नाही. तो पाय दुमडून झोपाळ्यावर नीट बसला.

"बघू. मुरबाडला गेलो की मनोजला इचारतो. दोन-चार दिवसांत ये."

"उद्या मुदत हाय."

"तुमच्या लोकांना सवलत असते ना. पुढच्या टायमाला भर."

काशीने त्याच्याकडे बघितलं. झोपाळ्याखालच्या जुन्या चपलांपासून सुरुवात केली. धोतर, साखळी, खिसा, टोपी. टोपीशी थांबली. मग आपला मोबाइल काढला, ईमेल उघडला आणि शाळेत धडा वाचावा तसं स्वच्छ, एका सुरात वाचायला लागली.

"प्रिय शेठ. आपल्या तीन बाटल्या निघाल्या आहेत. टक्कल पडलेल्या डोक्यावर नव्वद दिवसांत दाट केस. तेल लावताना टोपी घालू नये."

दारातून प्रमिलावहिनींचं हसू आलं. त्यांनी सूप तोंडावर धरलं, तांदूळ सांडले.

"गो, त्या बाटल्या ह्यासाठी काय? मला सांगितलं गुडघ्याचं तेल हाय. मी दोन महिने गुडघ्याला लावते."

आता बैठक मोकळी हसली. शेठशिवाय, पहिल्यांदाच शेठकडे न बघता. अनिल सगळ्यात मोठ्याने.

"कुठं लिवलाय हा?" शेठचा आवाज खाली आला.

"ह्यालाच ईमेल म्हणतात, शेठ. तुमी कार्ड देता, पत्रं हिथं येतात. माझ्या घरी." तिने अंगठा सरकवला. "ही लग्नाच्या साइटची. वर, इंजिनीअर. उंची पाच फूट दहा इंच. निर्व्यसनी."

सगळ्यांनी सुयोगकडे बघितलं. तो बसलेला होता म्हणून उंचीचा प्रश्न तूर्त निघाला नाही.

"आणि ही..." काशी म्हणाली आणि थांबली.

एसटीत जे वाचून ती खिडकीबाहेर बघत बसली होती, ते हे पत्र होतं. तक्रार मिळाल्याची पोच. दोन वर्षांपूर्वी जगदीशशेठने ऑनलाइन अर्ज करून सख्ख्या भावावर, समोर पान खात बसलेल्या अनिलवर, गावठाणाची जागा बळकावल्याची तक्रार केली होती. नाव गुप्त ठेवा असं लिहून. त्या चौकशीपायी अनिलने वर्षभर हेलपाटे घातले. कुणी केलं असेल म्हणून सगळ्या गावावर संशय घेतला, आणि दर वेळी त्याच्याबरोबर कचेरीत कोण जायचं? मोठा भाऊ. धीर द्यायला.

काशीने वर बघितलं. अनिल डोळे पुसत हसत होता, पुढचं ऐकायला मान पुढे केलेली. वहिनी सांडलेले तांदूळ गोळा करत होत्या. आणि शेठ तिच्या अंगठ्याकडे बघत होता. आपण कुठे कुठे ते कार्ड दाखवलं हे त्याला एकेक करून आठवायला लागलं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. टोपीच्या कडेखालून घामाची एक रेघ निघाली.

एक ओळ वाचली असती की ती पडवी कायमची दुभंगली असती. काशीला ते ठाऊक होतं. पण दुभंगलेल्या पडवीतून तिला काय मिळणार होतं? उद्या याच गावात दोन भावांची डोकी फुटली असती आणि टाके घालायला तिलाच बोलावलं असतं. आणि त्याहून खरं म्हणजे, या माणसाला पाडायला इतकी मोठी वस्तू खर्च करावी, एवढा तो मोठा नव्हता.

"ही जिमची," ती म्हणाली. "आपण का आला नाहीत, विचारतात."

शेठने श्वास सोडला. त्याने झोपाळ्यावरचा फोन उचलून तिच्यापुढे धरला.

"बघ कोड आला काय."

"आधी मी पाठवते, मग येईल," काशी म्हणाली.

तिने पाठवला. ईमेलवर एक कोड आला, चार सात्यांवर दुसरा. शेठला चष्म्याशिवाय आकडे दिसेनात म्हणून ते अनिलने वाचून दाखवले, एकेक करून, मोठ्याने, मदत करतोय अशा ऐटीत. खातं बंद झालं. काशी उठली. पायऱ्या उतरताना मागून शेठ हळूच आला. लोकांपासून चार पावलं दूर.

"ती... दुसरी कागदं. ती कशी जातील?"

"पुसली तर जातात."

"मग पूस ना गो."

"पुसीन. अर्ज भरून झाला की."

"म्हंजे धमकी देतेस?"

"छे," काशी म्हणाली. "माझं घर झाडायला माझी मी टाइम काढीन. तुमच्यासाठी घाई कशाला करू?"

किन्हवलीच्या एसटी थांब्यावर शेडखाली बसून तिने मोबाइलवरच अर्ज भरला. लाल अक्षरं आली नाहीत. फोटो, सही, दाखले, अनुभवाची सात पत्रं, प्रत्येकानंतर एका दिवसाचा खंड. दुपारी सव्वाबाराला अर्जाचा क्रमांक आला. मुरबाडची गाडी येऊन गेली, शहापूरची आली. गाडीत बसल्यावर तिने शेठची सगळी पत्रं निवडली, तक्रारीचं सुद्धा, आणि पुसून टाकली. शेवटी एवढीशी सूचना आली, 'कायमचं काढायचं का?' तिने हो दाबलं.

चार महिन्यांनी यादी लागली. काशी पारधी, एकोणिसावी. नेमणूक कसाऱ्याच्याच पट्ट्यात, आणि आता मध्ये एक दिवस घरी बसायचं नाही.

त्यानंतरचा प्रसंग ज्यांनी पाहिला ते अजून सांगतात. किन्हवली नाक्यावर फ्लेक्स लागला. डावीकडे जगदीशशेठ, पूर्ण उंचीचे. उजवीकडे कोपऱ्यात काशीचा फोटो, अर्जावरचाच, कुठून मिळवला कोण जाणे. वर मजकूर, 'गावच्या कन्येला शासकीय सेवेत रुजू करण्यासाठी वेळीच मोलाचं सहकार्य करणारे मा. जगदीशशेठ यांच्या हस्ते सत्कार.' एका कोडाचं सहकार्य झालं होतं, हे खरंच. खोटं त्यात एक अक्षर नव्हतं.

शेठ स्वतः वाडीवर आमंत्रण द्यायला आला. ओढा ओलांडून तो आयुष्यात पहिल्यांदाच आला असेल. कमळू गडबडून उठला, अंगणात घोंगडी टाकली. काशी घरी होती, रजेवर. तिने तांब्याभर पाणी आणून शेठच्या पुढ्यात ठेवलं. शेठने ते प्यायलं की नाही ते तिने बघितलं नाही.

"रविवारी धा वाजता. शाल, श्रीफळ. आमदारांचा माणूस येतोय," शेठ म्हणाला.

"रविवारी मला लसीकरण हाय."

"अगो, एक दिवस पुढं ढकल."

"पोरांना ढकलू?"

"मग सत्कार कोनाचा करायचा?"

काशी जरा विचारात पडल्यासारखी झाली.

"तुमचाच करा," ती म्हणाली. "फ्लेक्सवर जागा तुमचीच जास्त हाय."

कमळू खोकला. तो हसतोय की घाबरलाय ते कळलं नाही.

रविवारी दहा वाजता नाक्यावर माइक लागला, भाषणं झाली. मुलीला कर्तव्यामुळे येता आलं नाही, हीच आमच्या गावची शिकवण, असं शेठने सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. शाल अनिलने शेठच्याच खांद्यावर घातली. त्याच वेळी कसाऱ्याच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर काशी झाडाखाली बसली होती. समोर पोरं कडेवर घेतलेल्या बायकांची रांग होती, आणि पहिल्या बाईचा लेक सुई बघून आधीच रडायला लागला होता.

"रडू दे," काशी त्याच्या दंडावर कापूस फिरवत म्हणाली. "नाव काय ह्याचं?"

"अजून ठेवला नाय, ताई."

"मग जागा मोकळी सोडते. ठरलं की सांग," काशी म्हणाली, आणि वहीत फक्त आईचं नाव लिहिलं.